'वाङ्मयचौर्य' की 'साहित्यचोरी'?

रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. प्रबंधासोबतच्या मराठी प्रतिज्ञापत्रात 'प्लेजरिझम'ला, म्हणजे दुसऱ्याचं लेखन वा कल्पना आपल्या नावावर खपवण्याला, काय लिहायचं? मार्गदर्शक म्हणतात 'वाङ्मयचौर्य', मैत्रीण म्हणते 'साहित्यचोरी'. शिवाय त्यांची शंका अशी की वाङ्मय म्हणजे कथा-कविता. माझ्या प्रबंधात तर नुसते आलेख आणि समीकरणं!

आधी 'साहित्यचोरी' निकालात काढू. हिंदीत 'साहित्यिक चोरी' रूढ आहे, तिथे ती शोभतेही. पण मराठीत साहित्य पूजेचंही असतं, बांधकामाचंही असतं. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीनं 'मी साहित्यचोरी केलेली नाही' असं लिहून दिलं, तर वाचणारा आधी प्रयोगशाळेतले बीकर मोजून येईल.

आता 'वाङ्मय'. वाच् अधिक मय, म्हणजे वाणीचं बनलेलं ते सगळं. घराणं महाराष्ट्रातलं आणि वास्तव्य कनौजच्या दरबारी, असा संस्कृत कवी राजशेखर 'काव्यमीमांसा' या काव्यावरच्या ग्रंथात स्पष्टच सांगतो : 'इह हि वाङ्मयमुभयथा शास्त्रं काव्यं च'. वाङ्मय दोन प्रकारचं, शास्त्र आणि काव्य. आणि शास्त्राचं नाव आधी! तेव्हा ताई, तुमचा प्रबंध हे वाङ्मयच. आपणही एखाद्याचं 'समग्र वाङ्मय' काढतो तेव्हा त्यात पत्रं, भाषणं, निवेदनं सगळं घालतोच की.

याच राजशेखरानं उचलेगिरीवर तीन अध्याय खर्ची घातले आहेत. तो तिला 'हरण' म्हणतो : शब्द उचलले तर शब्दहरण, कल्पना उचलली तर अर्थहरण. त्याची पत्नी अवन्तिसुंदरी हिचं मतही त्यानं नोंदवलंय. हरण करणारा स्वतःचं समाधान कसं करतो ते ती सांगते : तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध, त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे. विद्यार्थ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवणारे ज्येष्ठ ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वाचून हसू येणार नाही. तिथेच एक श्लोक आहे, की माणसाच्या बाकीच्या चोऱ्या काळ जाईल तशा विरतात, पण 'वाक्चौर्य' मुला-नातवंडांपर्यंत विरत नाही. आपल्या शब्दाचा हा सख्खा पूर्वज. 'चौर्य' जोडण्याची कल्पना इंग्रजीवरून आली, असं कुणी म्हणालं तर हा श्लोक दाखवा. लॅटिनमधला 'प्लेजियारियस' तर मुळात माणसं पळवणारा. मार्शल या रोमन कवीनं तो आपल्या कविता पळवणाऱ्याला चिकटवला.

शब्द फिरवून वाक्य 'आपलं' करण्याची युक्तीही जुनीच. सातव्या शतकातला संस्कृत लेखक बाणभट्ट 'हर्षचरिता'त म्हणतो, 'अन्यवर्णपरावृत्त्या बन्धचिह्ननिगूहनैः' कविचोर ओळखू येतो. वर्ण म्हणजे अक्षर आणि अंगाचा रंगही. बंध म्हणजे रचना आणि बेडीही. चोर रंग बदलतो आणि बेडीचे वळ झाकतो, तसाच हाही. आजच्या पॅराफ्रेझिंगचं याहून नेमकं वर्णन मला तरी माहीत नाही.

एक सवय मात्र मोडायला हवी. 'प्लेजरिझम किती टक्के आलं?' असं सर्रास विचारतात. प्रबंध तपासणारं सॉफ्टवेअर मोजतं ते इतरांच्या मजकुराशी असलेलं साम्य, चौर्य नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांतल्या पायऱ्याही (10 टक्क्यांपर्यंत दंड नाही, 60 च्या वर गेल्यास नोंदणी रद्द) साम्यावरच बेतलेल्या आहेत, आणि नीट उल्लेख करून दिलेली अवतरणं त्या मोजणीतून वगळतात. म्हणून 'साम्य 8 टक्के' असं लिहा. 'वाङ्मयचौर्य 8 टक्के' म्हणजे तर कबुलीजबाबच झाला. अर्थहरण या यंत्राच्या हाती लागत नाही, ते वेगळंच.

मनानं घातलेल्या आकड्यांनाही वाङ्मयचौर्य म्हणू नका. तिथे कुणाचं काही चोरलेलं नसतं. ती 'बनावट नोंद'. प्रतिज्ञापत्रात दोन्ही वेगवेगळी लिहा : 'या प्रबंधात वाङ्मयचौर्य केलेले नाही व कोणतीही नोंद बनावट नाही.' आणि टंकताना ङ चा पाय मोडायला विसरू नका. 'वांग्मय' झालं की वांग्याची आठवण येते.