निकाल बघून पैसे देण्याच्या पद्धतीत स्पेशालिस्ट डॉक्टरांचं नुकसान होतं का?

तुमचा मुलगा ऑर्थोपेडिक्समध्ये एमएस करतोय आणि अमेरिकेसारखी उपचाराचा निकाल बघून डॉक्टरला मोबदला देण्याची पद्धत उद्या गोव्यात आली तर त्याचं काय होणार, असं तुम्ही विचारलंय. पूर्वी मी पुण्यात अमेरिकन डॉक्टरांच्या बिलांचं कोडिंग करायचे. आता फोंड्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात विमा आणि दीनदयाळ या सरकारी आरोग्य योजनेचे क्लेम बघते. माझं मत असं, की ऑर्थोवाल्यांना त्यातल्या त्यात कमी भीती आहे.

अमेरिकेत २०१५ साली मॅक्रा कायदा आला आणि २०१७ पासून मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, 'मिप्स' ही गुणांवर पैसे ठरवण्याची पद्धत सुरू केली. डॉक्टरला शंभरपैकी गुण मिळतात: दर्जाचे ३०, खर्चाचे ३०, संगणकीय नोंदींचे २५, सुधारणा-उपक्रमांचे १५. गुण कमी पडले तर मेडिकेअरच्या पैशांत ९ टक्क्यांपर्यंत कपात होते, तीही दोन वर्षांनी. वाढ मिळते ती मुख्यतः इतरांच्या कपातीतून, त्यामुळे सहसा किरकोळच. गुण गोळा करायला माणूस ठेवायचा तर त्याचा पगार वेगळा.

घोडं पेंड खातं ते मोजमापाशी. सुरुवातीचे बरेच निकष साखर, रक्तदाब, लसीकरण असे, फॅमिली डॉक्टरच्या कामातले. मोतीबिंदूवाल्यांकडे मात्र चांगला निकष आहे: ऑपरेशननंतर ९० दिवसांत नजर ६/१२ किंवा त्याहून चांगली झाली का? डोळ्याचा दुसरा आजार असलेले रुग्ण त्यातून वगळतात, म्हणजे हिशेब रास्त. सांध्यांचंही तसंच, सुरुवात आणि शेवट दोन्ही दिसतात. २०१६ पासून काही शहरांत मेडिकेअरने गुडघा आणि खुबा बदलण्याच्या ऑपरेशनचा, घरी सोडल्यानंतरच्या ९० दिवसांसकट, सगळा खर्च हॉस्पिटलच्या गळ्यात घातला. बचत झाली, पण बहुतांशी रुग्णांना पुनर्वसन केंद्रात पाठवण्याऐवजी घरी पाठवल्यामुळे. सर्जनच्या हातात फरक पडला म्हणून नव्हे!

पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्टचं अवघड. रुग्ण त्यांचा नसतोच. निकष थोडे, आणि सगळ्यांनाच जवळपास पूर्ण गुण मिळायला लागले की त्या निकषाच्या गुणांवर मर्यादा येते. कर्करोगतज्ज्ञाच्या खर्चात औषधांच्या किमती मोजल्या जातात आणि त्या काही तो ठरवत नाही.

आता आपल्याकडचं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ ची. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं कवच. त्यात प्रक्रियेचं पॅकेज ठरलेलं, निकाल कसाही लागो. आयुष्मान भारतवाल्यांनी २०२२ मध्ये हॉस्पिटलं पाच गोष्टींवर मोजायचं जाहीर केलं: रुग्णाचं समाधान, पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण, खिशातून गेलेला खर्च, सिद्ध झालेल्या तक्रारी आणि जगण्यातली सुधारणा. पण ते माप हॉस्पिटलचं, डॉक्टरचं नव्हे.

डॉक्टरला लावायचं म्हटलं तर गोव्यात पंचाईत होईल. आमच्याकडचे बरेच सर्जन सकाळी म्हापशात, दुपारी फोंड्यात, संध्याकाळी मडगावात. जखम चिघळून रुग्ण परत आला तर चूक कुणाची मोजायची? ऑपरेशन त्यांचं, ड्रेसिंग आमच्या नर्सचं आणि घरी साखर वाढवली ती चतुर्थीच्या नेवऱ्यांनी. शिवाय गुंतागुंतीची केस बांबोळीला, सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ), पाठवायची सवय आधीच आहे. गुणांवर पैसे ठरू लागले तर ती वाढेल, आकडे खासगीवाल्यांचे चांगले दिसतील आणि गोमेकॉचे वाईट. रुग्ण किती आजारी होता याची वजावट केल्याशिवाय ही पद्धत लावू नये, असं मला ठामपणे वाटतं.

तुमच्या मुलाने आतापासून एक करावं: नोंदी नीट लिहायची सवय. अमेरिकेत मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, जुना हार्ट अटॅक हे सगळं कागदावर असेल तरच रुग्ण जोखमीचा धरतात. आमच्याकडे येणाऱ्या फायलींत कितीदा नुसतं 'डावा गुडघा बदलला' एवढंच असतं, आणि टीपीएने (विम्याचे क्लेम तपासणाऱ्या कंपनीने) क्वेरी काढली की मी डॉक्टरांच्या मागे फोन घेऊन धावते. आणि कुठे करार केला तर पॅकेजमध्ये इन्फेक्शनचा, दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कुणाच्या वाट्याला, हे सहीच्या आधी लेखी विचारून घ्यावं.