वाक्याला धनी पाहिजे

दारव्हा, जि. यवतमाळ

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सोबतचा मसुदा दोनदा वाचला. प्राचार्य म्हणाले, ‘तू तरुण आहेस, कॉलेजचं एआय धोरण तूच लिही’, आणि तू ते एका रात्रीत चॅटजीपीटीकडून लिहून घेतलंस. हे तू आपणहून सांगितलंस, ते मला फार आवडलं. मसुद्याबद्दल मात्र सरळ बोलते. आठ पानांत एकही वाक्य असं नाही, की जे पांढरकवड्याकडच्या कॉलेजासाठी लिहिलं आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत तुमचा अर्धा वर्ग वावरात असतो. कितीतरी पोरं घरी कोलामी नाहीतर गोंडी बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि पदवीला येऊन इंग्रजी नोट्स पाठ करतात. यातलं काहीच त्यात आलेलं नाही. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायलीत ते खपून जाईल, पण त्याच्या भरवशावर तुला वर्ग घेता येणार नाही.

मी असते तर सुरुवातीला एवढंच लिहिलं असतं: या कॉलेजातून जे बाहेर जाईल, मग तो प्रकल्प असो, शोधनिबंध असो, प्रश्नपत्रिका असो की गुण, त्यातल्या प्रत्येक वाक्याला धनी असेल. यंत्राची मदत घेतली असेल तर ती सांगितलेली असेल. आणि कोणी विचारलं, तर ‘हे माझं, मी पडताळलं आहे’ असं म्हणणारा माणूस समोर उभा राहील. बाकीचे नियम तुला यातूनच काढता येतील.

एआयनं लिहिलेलं पकडणारं सॉफ्टवेअर घ्यायचं तुमच्याकडे चाललं आहे, असं लिहिलंस. ते अडव. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि जानेवारी २०२३ मध्ये ते बनवणाऱ्या ओपनएआयनंच असं एक साधन काढलं होतं. यंत्रानं लिहिलेल्या मजकुरापैकी त्याला २६ टक्केच ओळखता आला, आणि माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर त्यानं खोटा आळ घेतला. जुलैत त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रानं लिहिलेले ठरले. ही साधनं पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात. मोजक्या शब्दांत, साधी, पाठ केलेल्या वळणाची इंग्रजी लिहिणारं पोरगं त्यांना यंत्रासारखं वाटतं. आपली पोरं अशीच तर इंग्रजी लिहितात. घरातली पहिली पदवीधर होऊ पाहणारी एखादी मुलगी टक्केवारीच्या एका आकड्यावर चोर ठरेल, आणि तिला कॉलेज सोडायला तेवढं कारण पुरेल. असं होताना मला पाहायचं नाही.

तुमच्या समितीत दोन गोष्टींची सरमिसळ होते आहे, तीही दूर कर. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे वाङ्मयचौर्याचे नियम साम्य मोजतात. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे पायऱ्या आहेत. दुसऱ्याचा मजकूर उचलला का, एवढंच त्या आकड्यातून कळतं. मजकूर यंत्रानं लिहिला का, हे त्यातून कळत नाही.

मग काय करायचं? समोर बसवून बोलायचं. प्रकल्प जमा झाला की दहा मिनिटं दे. ‘हा तक्ता कुठून आणला? हा शब्द का वापरला? या गावात तू किती घरी गेलीस?’ एवढं विचारलं तरी पोरगी त्या कामात होती की नाही, ते लगेच कळतं. तुझ्या वर्गात ८० मुलं आहेत, म्हणजे ८०० मिनिटं, तेरा तासांहून जास्त. तासाप्रमाणे पैसे मिळणाऱ्या, तासिका तत्त्वावरच्या माणसाला हे तास कोण देणार? म्हणून धोरणातच लिही, की तोंडी परीक्षेचे तास कार्यभारात धरले जातील आणि त्याचं मानधन मिळेल. यावर समितीत वाद होईल. होऊ दे. सॉफ्टवेअरसाठी पैसा निघतो, तर माणसाच्या वेळेसाठीही निघाला पाहिजे.

मी या यंत्राच्या विरोधात आहे असं समजू नको. वर्गात हात वर करायला लाजणारी पोरगी रात्री त्याला मराठीतून दहा वेळा तोच प्रश्न विचारू शकते, ही मोठी गोष्ट आहे. सर्वेक्षणाचे तक्ते नीट लावायला, तोंडी परीक्षेची तयारी करायला खुशाल वापरा. गृहपाठातही घ्या: २०१७ च्या कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर यंत्राचं उत्तर छापून आणायचं, ते घरी आजोबांना वाचून दाखवायचं, आणि काय चुकलं, काय सुटलं ते समासात लाल शाईनं लिहायचं. गुण त्या लाल शाईला. गुण मात्र माणसानंच द्यावेत, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कितीही मोठा असो. आणि पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीवर कोणतंही काम बेतू नको. देवनागरी मजकुराचे ही यंत्रं इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे करतात, त्यामुळे तुकड्यांवर मोजणी असेल तिथे मोफत वापराची मर्यादा मराठीत लवकर संपू शकते. संगणक कक्ष संध्याकाळी दोन तास उघडा ठेवायला लाव.

आता संशोधनाचं. तुझ्या पत्रातली एक ओळ वाचून मला रात्री झोप लागली नाही. वेचणीला जाणाऱ्या बायांच्या मुलाखती मुलांनी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या आणि लिहून काढायला कुठल्याशा मोफत साइटवर चढवल्या.

एम.फिल.च्या वेळी मी अशाच बायांच्या कर्जाचा अभ्यास करत होते. सावकाराचं किती, कशावर, हे एका बाईनं मला चुलीजवळ बसून सांगितलं, नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं ते. मी प्रबंधाच्या परिशिष्टात नाव घातलं नाही, पण गाव, जात, एकर आणि घरात किती माणसं ते घातलं. गावात तेवढ्यावरून माणूस ओळखू येतं. बोलणं तिच्या घरापर्यंत गेलं. तिला काय सोसावं लागलं ते मी इथे लिहिणार नाही. पुढे मी माफी मागायला गेले, तेव्हा तिनं चहा दिला, पण एक शब्द बोलली नाही.

तेव्हा त्या प्रबंधाच्या दोन-चार प्रती होत्या. आज रेकॉर्डिंग कुठे साठतं, कोण ऐकतं, कशासाठी वापरतं, हे त्या मुलांना सांगता येत नाही, मग त्यांनी बायांना काय सांगून परवानगी घेतली? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सशर्त सूट आहे, पण त्या सुटीच्या आड लपू नका. आवाज, नाव, गाव, सर्व्हे नंबर बाहेरच्या यंत्रात जाणार नाही, हे धोरणात ठळक लिही. संमती त्या बाईच्या बोलीत घ्यावी, आणि ‘नाही’ म्हणायची वाट तिला मोकळी ठेवावी.

शिवाय त्या साइटनं लिहिलं काय, ते तूच पाठवलंस. बाई म्हणाली, ‘सासरे गेले न् वावर गेलं.’ यंत्रानं इंग्रजीत केलं: सासरे गेल्यावर घरातली ये-जा थांबली. पुण्याच्या मराठीत वावर म्हणजे ये-जा, आपल्याकडे वावर म्हणजे शेत. तिची जमीन गेली होती, बेटा. अहवालात ते वाक्य गेलं असतं तर ती जमीन दुसऱ्यांदा गेली असती, आणि या वेळी आपल्या हातून.

न्यूयॉर्कच्या वकिलांचं २०२३ चं प्रकरण मुलांना सांग. चॅटजीपीटीनं रचलेले, कधी झालेच नाहीत असे निकाल त्यांनी कोर्टात दाखल केले आणि ५००० डॉलर दंड भरला. संदर्भ उघडून वाचल्याशिवाय यादीत घालायचा नाही, एवढं त्यातून कळलं तरी खूप झालं.

पण जे खरं असून कुठे लिहिलेलंच नाही, त्याचं काय? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. ३९ गावांत त्या घरोघरी जाऊन बाळंतिणी आणि नवजात बाळं पाहत, जन्म-मृत्यू नोंदवत आणि उपचार करत. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानानं नवजात बालमृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं आणि १९९९ मध्ये ते ‘द लॅन्सेट’मध्ये छापलं गेलं. दारोदार जाऊन कोणी मोजलं नसतं, तर आजचं यंत्र ते कुठून सांगणार होतं? तुझ्या मुलांना मोजायला पाठव. यंत्र नंतर लागेल.

धोरण कसं ठरवायचं, तेही विचारलंस. गडचिरोलीतल्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला एकदा जाऊन ये. तिथे अभ्यासगटात आधी विषय समजून घेतात, बाहेरच्या जाणकारांनाही ऐकतात, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं होतो. तुमच्या कॉलेजातही असा अभ्यासगट बसव. त्यात दोन विद्यार्थी, ग्रंथपाल, एक तासिकावाला शिक्षक आणि जमलं तर मुलाखत दिलेल्यांपैकी एखादी बाई असू दे. दर सहामाहीला मसुदा पुन्हा उघडा, कारण ही यंत्रं तेवढ्यात बदललेली असतात.

त्या साइटवरच्या फाइली आजच काढून टाकायला सांग. मूळ रेकॉर्डिंगं पेनड्राइव्हवर घे आणि रविवारी इकडे ये. मुलांनाही आण. जेवण माझ्याकडेच. दिवसभर बसून आपण ती कानांनी ऐकू आणि हातानं लिहू.

तुझी,
मॅडम