‘सेक्रेटरी’ला मराठीत काय म्हणावे: सचिव, चिटणीस की कार्यवाह?

आपला प्रश्न असा आहे की, एका सार्वजनिक वाचनालयाच्या इंग्रजी घटनेचे मराठी भाषांतर करताना ‘सेक्रेटरी’ या पदासाठी सचिव, चिटणीस, कार्यवाह आणि स्वीय सहायक असे चार शब्द आपल्यासमोर आले. ते समानार्थी आहेत का, आणि नसल्यास त्यांतला कोणता घ्यावा? ते समानार्थी नाहीत. संस्थांच्या कागदपत्रांची भाषांतरे करताना मी कोशाकडे वळण्यापूर्वी दोन गोष्टी पाहतो: तो मनुष्य निवडून येतो की नेमला जातो, आणि तो स्वतःच्या अधिकारात सही करतो की दुसऱ्याच्या वतीने.

इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये, गुपित या अर्थाच्या शब्दात आहे. धन्याची गुपिते ज्याच्यापाशी विश्वासाने ठेवावीत, तो सेक्रेटरी. अशा माणसाकडे पत्रव्यवहार आला, पत्रव्यवहारामागून कारभार आला आणि काही ठिकाणी सत्ताही आली. त्यामुळे ब्रिटनमधला होम सेक्रेटरी हा मंत्री असतो आणि त्याच्या खात्याचा प्रशासकीय प्रमुख पर्मनंट सेक्रेटरी म्हणवला जातो. आपल्याकडे मात्र गृहमंत्री आणि गृहसचिव ही सरळ दोन वेगळी माणसे आहेत. अमेरिकेच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटला आपली वृत्तपत्रे परराष्ट्रमंत्री म्हणतात, ते योग्यच आहे. १८५८ पासून १९४७ पर्यंत लंडनहून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या सेक्रेटरीला मराठीत ‘भारतमंत्री’ म्हणत आले, तेही शब्दाकडे न पाहता अधिकाराकडे पाहून. सोव्हिएत संघात तर १९२२ साली पक्षाचा सरचिटणीस झालेल्या स्टालिनने कागदपत्रे आणि नेमणुका सांभाळण्याच्या त्या पदालाच देशातले सर्वोच्च पद करून टाकले.

मराठीपुरते बोलायचे तर हा भेद फार जुना आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरच्या अष्टप्रधानांत सचिव होते ते अण्णाजी दत्तो. सुरनीस या फारसी वळणाच्या पदाला दिलेले ते संस्कृत नाव होते, आणि राजपत्रे तपासून त्यांतला मजकूर शुद्ध करणे व महालांचा हिशेब पाहणे हे त्यांचे काम होते. प्रत्यक्ष पत्रे लिहिणारे बाळाजी आवजी हे चिटणीस होते आणि त्यांचे पद अष्टप्रधानांत नव्हते. म्हणजे आज आपण ज्यांना एकाच इंग्रजी शब्दाखाली घालतो, ती दोन पदे त्या दरबारात निराळी होती. पुढे भोरच्या संस्थानिकांकडे ‘पंतसचिव’ हा किताब वंशपरंपरेने राहिला, तर चिटणीस हे फडणीस, पोतनीस, सबनीस यांच्याप्रमाणे आडनाव होऊन घरोघर गेले. संस्कृतात सचिव म्हणजे सोबत राहून साह्य व सल्ला देणारा. रघुवंशातला अज मृत इंदुमतीला गृहिणी आणि सखी म्हणतो तसाच सचिवही म्हणतो, तेव्हा ती त्याची पत्रे लिहीत असे, असा त्याचा अर्थ नव्हे.

आज ‘सचिव’ हा शब्द सर्वाधिक रूढ आहे तो सरकारात. मुख्य सचिव, अपर मुख्य सचिव, प्रधान सचिव, सचिव, सहसचिव, उपसचिव, अवर सचिव अशी ती उतरंड आहे. एखादा शासन निर्णय शेवटपर्यंत वाचून पाहावा: ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ आणि तिच्याखाली बहुधा उपसचिवाची, अवर सचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची सही. निर्णय मंत्र्याचा, नाव राज्यपालांचे आणि सही सचिवाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याची, अशी ही व्यवस्था आहे. मुंबईत राज्य सरकारचा हा कारभार चालतो त्या इमारतीला पूर्वी सचिवालय म्हणत; १९७० च्या दशकात तिचे मंत्रालय झाले.

सरकारच्या बाहेर मात्र हाच शब्द पुष्कळ सैल होतो. बाजार समितीचा सचिव पगारी असतो आणि सभापती निवडून येतो. गावच्या विकास सोसायटीचा गटसचिवही पगारी असतो. याउलट सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव हा सभासदांतूनच निवडलेला आणि बहुधा बिनपगारी असतो. पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंतच्या सगळ्या तक्रारी ऐकणाऱ्या या गृहस्थाला पाटीवर ‘सचिव’ लिहिले तरी जिन्यात सारे ‘सेक्रेटरी’च म्हणतात. कंपनी सचिव हा तर परीक्षा देऊन मिळवलेला व्यवसाय आहे आणि त्याला बोलण्यात ‘सीएस’ याशिवाय दुसरे नाव नाही.

राजकीय पक्षांत चिटणीस आणि सरचिटणीस हे शब्द टिकून आहेत, जरी हिंदीच्या प्रभावाने ‘महासचिव’ बातम्यांत वाढत चालला असला तरी. मला सरचिटणीस अधिक मराठी वाटतो. साहित्य, शिक्षण आणि ग्रंथालय या क्षेत्रांतल्या संस्थांनी कार्यवाह जपला आहे. महाराष्ट्र साहित्य परिषदेत प्रमुख कार्यवाह असतात. स्वीय सहायक हा मात्र पदाचा नसून व्यक्तीचा माणूस असतो, म्हणून तो आपल्या घटनेतून वगळावा. महादेवभाई देसाई यांना गांधीजींचे सचिव म्हणतात, पण १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी केलेले काम स्वीय सहायक या शब्दात मावत नाही, हे मान्य करावे लागते.

आता आपल्या वाचनालयाविषयी. पदाधिकारी सर्वसाधारण सभेतून निवडून येत असेल, तर कार्यवाह लिहावे आणि त्याच्या जोडीदाराला सहकार्यवाह. संस्थेत पगारी ग्रंथपाल किंवा व्यवस्थापक असल्यास त्याच्या पदनामात ‘सचिव’ आणू नये, कारण मग इतिवृत्ताखाली कोणाची सही चालते यावर वाद होतो. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या जुन्या मराठी कागदांत कोणता शब्द आहे, तो आधी पाहावा. तिथे ‘चिटणीस’ असेल, तर आपल्या आवडीनिवडी बाजूला ठेवून चिटणीसच लिहावे, आणि पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत तोच एक शब्द ठेवावा. नाहीतर पुढच्या निवडणुकीनंतर बदल अर्ज भरताना आणि बँकेत सह्यांचे अधिकार बदलताना, ‘चिटणीस’ आणि ‘कार्यवाह’ ही दोन पदे आहेत की एकच, याचा खुलासा आपल्याला लेखी द्यावा लागेल.