बुटीबोरीत क्लास बी, म्हणजे कमी ते मध्यम जोखमीची वैद्यकीय उपकरणं बनवतो. कागदपत्रांतच अर्धा दिवस जातो, तो कसा वाचवू?

आधी एक सांगते: कागद कमी करायचे नाहीत, तीच माहिती दोनदा लिहिणं थांबवायचं. मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हेच काम करते. आमच्याकडे निर्जंतुकीकरणाचं तापमान चार ठिकाणी लिहिलेलं होतं. प्रक्रिया बदलली, तीन ठिकाणी दुरुस्ती झाली, चौथं राहिलं आणि नेमकं तेच तपासणीत सापडलं. तेव्हापासून एक आकडा एकाच दस्तऐवजात. बाकी सगळीकडे फक्त त्याचा क्रमांक आणि आवृत्ती.

मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ च्या पाचव्या परिशिष्टातली गुणवत्ता व्यवस्था आणि आयएसओ १३४८५ (वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक) यांच्या बऱ्याच अपेक्षा सारख्या आहेत. दोन वेगळे संच ठेवू नका. एकच संच ठेवा आणि कोणतं कलम कुठे पूर्ण होतं याचा एकपानी तक्ता लावा. तपासनीस आले की तो तक्ता आधी समोर ठेवायचा.

डिव्हाइस मास्टर फाइल, म्हणजे उपकरणाची सगळी तांत्रिक माहिती असलेली फाइल, परवान्यापुरती बनवून कपाटात टाकू नका. पुरवठादार, लेबल, साचा, काहीही बदललं की त्याच आठवड्यात जोखीम-विश्लेषणासकट ती सुधारा. बदल महत्त्वाचा असेल तर तो करण्याआधीच परवानगी लागते. क्लास बी असल्यामुळे तुमचं काम राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन). सी आणि डी हे जास्त जोखमीचे वर्ग दिल्लीच्या सीडीएस्कोकडे, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे जातात.

आणि बॅच रेकॉर्ड, म्हणजे प्रत्येक बॅच कशी बनली याची नोंद, मशीनपाशीच भरून घ्या हो, संध्याकाळी आठवून नाही.