रोलओव्हरमध्ये चित्र उडी का मारतं?

प्रश्न : तांबट आळीतल्या आमच्या दुकानाच्या वेबसाइटवर हंड्यांचे जोडफोटो टाकले आहेत. माउसचा बाण वर नेला की काळवंडलेल्या हंड्याच्या जागी तोच हंडा उजळलेला दिसायला हवा, म्हणजे ‘रोलओव्हर’ व्हायला हवा. पण पहिल्या वेळी क्षणभर जागा पांढरी होते आणि हंडाही किंचित सरकतो. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जुन्या पुस्तकात यासाठी ‘इमेजरेडी’ हे वेबसाठी चित्रं तयार करण्याचं सॉफ्टवेअर वापरायला सांगितलंय, पण ते कुठे मिळत नाही. गिम्प या फुकट मिळणाऱ्या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जमेल का?
– एक वाचक, कसबा पेठ, पुणे

उत्तर : नक्की जमेल. इमेजरेडी फोटोशॉपच्या सीएस २ आवृत्तीपर्यंत सोबत येत असे, २००७च्या सीएस ३पासून ते बंद झालं. त्याचा शोध सोडा.

आधी हंड्याच्या उडीचं बघू. दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा जरासा हलला असणार. पहिला फोटो गिम्पमध्ये उघडा आणि दुसरा ‘फाइल’मधल्या ‘ओपन ॲज लेयर्स’ने त्यावर वेगळा लेयर, म्हणजे थर म्हणून आणा. वरच्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के करा, म्हणजे हंड्याचे दोन काठ दिसतील. मूव्ह टूल घेऊन बाणाच्या कळांनी लेयर एकेक पिक्सेल सरकवत दोन्ही काठ एक करा. तळ जुळला पण गळा जुळत नाही, असं झालं तर दोन फोटोंतलं अंतर किंवा झूम वेगळं आहे. अशा वेळी ताणाताण करण्यापेक्षा ट्रायपॉडवर पुन्हा फोटो काढलेले बरे. जुळल्यावर ओपॅसिटी १०० करून दोन्ही लेयर जिथे आहेत त्यातलाच समान बाजूंचा चौरस क्रॉप करा, म्हणजे कापून घ्या.

जागा पांढरी होते, कारण बाण वर गेल्यावरच ब्राउझर दुसरा फोटो मागवतो. म्हणून दोन्ही फोटो एकाच फाइलमध्ये एकाखाली एक ठेवा. अशा फाइलला स्प्राइट म्हणतात. ‘स्केल इमेज’ने चित्र ३०४ बाय ३०४ पिक्सेल करा. ३०० का नाही? जेपेग हा फोटोंचा नेहमीचा फाइल-प्रकार चित्राचे ८ किंवा १६ पिक्सेलचे ठोकळे पाडतो. ३००वर दोन फोटोंचा सांधा ठोकळ्याच्या मध्येच येतो आणि एका हंड्याचा रंग दुसऱ्याच्या कडेला उतरतो. ३०४ला १६ने पूर्ण भाग जातो.

आता ‘कॅनव्हास साइझ’मध्ये रुंदी-उंचीमधली साखळी तोडून उंची ६०८ करा, ३०४वर आडवी गाइड (जुळवणीची रेघ) टाका आणि उजळलेल्या हंड्याचा लेयर तिच्याखाली नेऊन चिकटवा. क्वालिटी ८५ ठेवून जेपेग एक्स्पोर्ट करा. मूळ काम गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये जपून ठेवा, दुरुस्तीला तेच लागतं.

सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या ओळींमध्ये, लिंकला ‘डिस्प्ले ब्लॉक’, रुंदी-उंची ३०४ पिक्सेल आणि स्प्राइटची बॅकग्राउंड द्या. बॅकग्राउंड-पोझिशन एरवी ० ०, हॉवरला (बाण वर असताना) ० आणि उणे ३०४ पिक्सेल. आकड्याला चिकटून ‘पीएक्स’ लिहायचं राहिलं तर ब्राउझर ती ओळच सोडून देतो. हॉवरची ओळ फोकसलाही (कीबोर्डने लिंकवर आल्यावर) लावा, म्हणजे कीबोर्ड वापरणाऱ्यांनाही बदल दिसेल.

मोबाइलवर मात्र बाणच नसतो. तुमचं बरंचसं गिऱ्हाईक तिथूनच पाहणार, त्यामुळे उजळलेला हंडा फक्त रोलओव्हरमागे दडवू नका. लहान पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी-शेजारी दाखवा आणि हंड्याचं नाव व माप चित्रात न कोरता अक्षरांत लिहा.