सत्तर टक्के खरे आहेत, पण कशाचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा न्यायालयात आठ वर्षं स्वतःच्या नावावर दिवाणी वकिली केली, पत्नीला इंग्लंडमध्ये नर्सची नोकरी मिळाली आहे, तुम्ही तिच्यासोबत येणार. फीचे सत्तर टक्के वकिलाच्याच हातात ठेवणाऱ्या फर्म तिथे आहेत म्हणे. मग कुणाची चाकरी न करता सरळ तिथेच का शिरू नये? मीही नवऱ्याच्या व्हिसावर आले आणि आज अशाच एका फर्ममध्ये आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

आधी तुमच्या बाजूची गोष्ट. या फर्ममधला वकील बहुधा नोकरदार नसतो, स्वयंरोजगारी असतो. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी मात्र प्रायोजक मालक आणि ठरलेला पगार लागतो. म्हणून स्वतःच्या व्हिसावर येऊ पाहणाऱ्या वकिलाला हे दार जवळपास बंदच असतं. जोडीदार म्हणून आलेल्याला नोकरीही करता येते आणि स्वतःचा व्यवसायही. हे स्वातंत्र्य तुम्हाला पत्नीच्या नोकरीमुळे मिळतंय आणि तिच्या व्हिसाच्या मुदतीएवढंच ते टिकतं, एवढं ध्यानात असू द्या.

आता ही मांडणी कशी असते ते. बाहेरून फर्म एकच: एक नाव, सॉलिसिटरांच्या (अशिलाचं काम थेट घेणाऱ्या वकिलांच्या) नियामकाचा, म्हणजे एसआरएचा, एक परवाना. आत मात्र प्रत्येकाचा संसार वेगळा. अशील तुम्ही आणायचा, काम तुम्ही करायचं, किती घ्यायचं आणि कुणाला नाही म्हणायचं तेही बरंचसं तुमच्या हातात. फर्म देते तो विमा, अशिलांच्या पैशांचं स्वतंत्र खातं, हिशेब, सॉफ्टवेअर आणि मनी लाँडरिंगच्या तपासण्या. आपल्याकडे वकीलपत्र तुमच्या नावाने असतं; इथे अशिलाशी करार फर्मचा, बिल फर्मचं, पैसे आधी फर्मकडे. तुम्ही फर्मला सेवा पुरवणारे. (बॅरिस्टर मंडळी, म्हणजे मुख्यतः कोर्टात युक्तिवाद करणारे वकील, चेंबरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आली आहेत: जागा आणि क्लार्क सामायिक, कमाई ज्याची त्याची. सॉलिसिटरांनी ते फार उशिरा उचललं.) कीस्टोन लॉ ही या प्रकारातली ठळक फर्म २००२ मध्ये निघाली आणि २०१७ मध्ये लंडनच्या एआयएम शेअर बाजारात नोंदली गेली. तिचा जाहीर हिशेब असा: काम करणाऱ्याला ६० टक्के, अशील आणणाऱ्याला १५. दोन्ही तुम्हीच असाल तर ७५.

ही फोड नीट बघा. आणण्याचे पैसे वेगळे आणि करण्याचे वेगळे, आणि मोठा वाटा करणाऱ्याचा. त्याचा उपयोग पुढे सांगते.

‘फर्मच कशाला, एकट्यानेच का करू नये’ हे तुम्ही विचारणार, कारण मीही विचारलं होतं. नोव्हेंबर २०१९ पासून सॉलिसिटरला फर्मविना फ्रीलान्स काम करता येतं. पण दावे चालवणं, घरांचे हस्तांतरण दस्त करणं अशी कायद्याने राखून ठेवलेली कामं करायची तर इथली सनद मिळाल्यानंतर तीन वर्षांची वकिली पाठीशी लागते, हाताखाली माणूस ठेवता येत नाही आणि फी-खर्चापोटीची आगाऊ रक्कम सोडली तर अशिलाचे पैसे जवळ ठेवता येत नाहीत. स्वतःची कंपनी काढली तर किमान ३० लाख पौंडांचा विमा, आणि बंद करताना पुढच्या सहा वर्षांच्या दाव्यांसाठी वेगळा. ही सगळी डोकेदुखी फर्मने उचलायची, त्याचे ते पंचवीस-तीस टक्के.

आता सत्तर टक्के कशाचे, ते. वसूल झालेल्या फीचे. केलेल्या कामाचे नाही, पाठवलेल्या बिलाचेही नाही. सहा हजार पौंडांचं बिल केलंत, त्यावर १२०० व्हॅट. तो व्हॅट सरकारचा, त्याकडे बघायचंही नाही. अशिलाने कुरकुर केली, तुम्ही पाच हजारांवर आलात, त्याने अडीच महिन्यांनी भरले. तुमच्या हाती साडेतीन हजार, आणि त्यातूनच आयकर, नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी), पेन्शन, आजारपण आणि सुट्टी. आठ वर्षं स्वतःची वकिली केलेल्या माणसाला उधारी शिकवायची गरज नाही, पण नव्या देशात घरभाडं डोक्यावर असताना ती वेगळी बोचते.

माझी पहिली फी-शेअर फर्म (फी अशी वाटून घेणाऱ्या फर्मना हेच म्हणतात) सत्तर टक्केच देत होती. करारावर सही झाल्यावर कळलं की विम्याची वर्गणी वेगळी, सॉफ्टवेअरचे महिन्याला वेगळे, प्रत्येक अशिलाची ओळख तपासायचे वेगळे. वर्षअखेरीस मांडून पाहिलं तर हातात अठ्ठावन्नच्या आसपास पडले होते. सोडताना आणखी एक कलम वर आलं: निघून गेल्यावर वसूल होणाऱ्या बिलांवर निम्माच वाटा. चूक माझीच, मी टक्का वाचला आणि परिशिष्ट वाचलं नाही. दुसऱ्यांचे करार वाचून पोट भरणाऱ्या बाईने हे करावं, यावर घरी अजून चेष्टा होते. तुम्ही सही करायच्या आधी दोनच गोष्टी लेखी मागा: गेल्या वर्षी एका साधारण वकिलाकडून टक्क्याव्यतिरिक्त काय काय कापलं, आणि सोडून जाताना चालू फायलींचं व थकीत बिलांचं काय होतं.

फर्मची तब्येतही बघा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एसआरएने ॲक्सिऑम इन्स ही मोठी फर्म बंद केली, तेव्हा अशिलांच्या खात्यातले सहा कोटी पौंडांहून जास्त सापडत नव्हते. ती फी-शेअर फर्म नव्हती, पण जिथे सगळ्यांचे पैसे एकाच खात्यातून फिरतात तिथे खात्यावर नजर कुणाची, हे विचारण्यात लाजू नये.

मुलाखतीत एकच खरा प्रश्न असतो: ‘किती काम बरोबर आणाल?’ तुमची आठ वर्षं खरी, पण ते अशील तिकडे. इथलं तुमचं खातं शून्य. शिवाय या फर्म बहुतेक इथला, पात्र झाल्यानंतरचा काही वर्षांचा अनुभव मागतात, कारण रोज हाताखाली घेऊन शिकवणारं तिथे कुणी नसतं. म्हणून आल्या आल्या या दाराने जाऊ नका. गेलात तरी रिकामं टेबल मिळेल, तेही स्वतःच्या घरातलं.

पण त्याच इमारतीला मागून एक दार आहे. ज्या कन्सल्टंटकडे, म्हणजे अशा फर्ममधल्या स्वयंरोजगारी वकिलाकडे, हाताबाहेर काम साठलंय तो हाताखाली पगारी माणूस ठेवतो. बऱ्याच फर्म तशी परवानगी देतात. अशा एकाकडे पॅरालीगल, म्हणजे वकिलाचा सहाय्यक, म्हणून शिरा. आठ वर्षांनंतर पुन्हा ज्युनिअर होणं टोचेल, मलाही टोचलं. पण सीनियरच्या चेंबरमध्ये आपण जे शिकलो तेच इथे शिकायचं आहे: अशिलाला फोनवर काय सांगायचं नाही, फी कितीला सांगायची, बिल कधी पाठवायचं. पुढे कन्सल्टंट झालात की ती ६० आणि १५ ची फोड कामाला येते. माझ्या पहिल्या वर्षाचं निम्म्याहून जास्त काम मी आणलेलं नव्हतंच. फर्ममधल्या दुसऱ्या वकिलांनी दिलं होतं. कुणाला व्यापारी वादातलं येत नव्हतं, कुणी सुट्टीवर होतं. दर शुक्रवारी दोन अनोळखी सहकाऱ्यांना फोन करायचा, हा माझा एकमेव मार्केटिंग कार्यक्रम.

मधल्या काळात नोकरी कराल तिथल्या करारात ‘सोडल्यावर इतके महिने आमच्या अशिलांना गाठायचं नाही’ असं कलम बहुधा असेल. आधीच वाचा. एक फरक मात्र सुखाचा: बार कौन्सिलच्या ३६ व्या नियमामुळे तिकडे आपण जाहिरात करू शकत नाही, इथे करता येते. लोकांच्या दारात किंवा फोनवर आगंतुक जाऊन काम मागायला मात्र बंदी आहे.

परीक्षेचं. इथे सॉलिसिटर व्हायला २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आहे. तुमच्याकडे भारतातली सनद असल्यामुळे दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट तुम्हाला नाही. पहिल्या टप्प्यात प्रत्येकी १८० प्रश्नांचे दोन पेपर. दुसऱ्या टप्प्यातून तुमच्या अनुभवाच्या जोरावर सूट मागता येते, मिळेलच असं नाही. दोन्ही टप्प्यांची फी मिळून पाच हजार पौंडांच्या घरात जाते. करार आणि टॉर्टमध्ये (दिवाणी नुकसानभरपाईच्या कायद्यात) तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. जमिनीचा कायदा, ट्रस्ट आणि अशिलांच्या खात्याचे हिशेब इथे मात्र आपली माणसं आपटतात, कारण ओळखीचे शब्द वेगळ्या अर्थाने येतात. पहिला टप्पा भारतातल्या केंद्रावरही देता येतो, तो निघण्याआधीच उरका. इथे आल्यावर घर, शाळा आणि पत्नीच्या रात्रपाळ्या यांत अभ्यासाला वेळ उरत नाही.

स्वयंरोजगारी झालात की पहिला जानेवारी महिना जपा. ३१ जानेवारीला सरलेल्या वर्षाचा पूर्ण कर आणि त्यावर पुढच्या वर्षापोटी निम्मा, असं एकदम मागतात. पुढचा हप्ता ३१ जुलैला. मला कुणी सांगितलं नव्हतं. आता प्रत्येक बिलाचा तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकते आणि विसरते.

शेवटी सनदेचं. तुमचे जुने अशील इथल्या नातेवाइकांना तुमच्याकडे पाठवतील, भारतातल्या जमिनीसाठी, वारसासाठी. आनंदाने घ्याल, पण भारतीय कायद्यावरचा सल्ला फर्मच्या विम्यात बसतो का, ते लेखी विचारल्याशिवाय एक ओळही लिहून देऊ नका. आणि पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की ४९ व्या नियमाप्रमाणे बार कौन्सिलला कळवून तिकडची वकिली थांबवावी लागते. त्याची चौकशी आणि इथल्या अर्जाला लागणारं गुड स्टँडिंगचं (तुमची सनद आणि वर्तन ठीक असल्याचं) प्रमाणपत्र, दोन्ही निघण्याआधी स्वतः जाऊन करा. मी ते इथून करायला गेले आणि एका कागदासाठी चार महिने भावाला खेपा घालायला लावल्या.