लॅब्रमची, म्हणजे खांद्याच्या वाटीभोवती असलेल्या कूर्चेच्या कडेची, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केल्यावर खांदा पुन्हा निखळेल की नाही, हे कशावर ठरतं?

सर्वात आधी हाड बघा. खांदा वारंवार निखळला की वाटीची पुढची कड झिजते. ही झीज साधारण 20 टक्क्यांच्या पुढे गेली असेल तर नुसतं लॅब्रम शिवून भागत नाही. हाडाचा तुकडा बसवण्याची लाटार्जे शस्त्रक्रिया सहसा जास्त टिकते. म्हणून एमआरआयवर न थांबता सीटी स्कॅनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

मग वय आणि खेळ. विशीच्या आतल्या, कबड्डी-रग्बीसारखे अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणाऱ्या मुलांत धोका बराच जास्त, आणि सांधे मुळातच सैल असतील तर आणखी. 2007 मध्ये बाल्ग आणि बोआलो यांनी याच गोष्टींना गुण देऊन 10 गुणांची मोजणी मांडली. 6 च्या वर गुण गेले तर दुर्बिणीतली दुरुस्ती टिकणं अवघड.

वरच्या बाजूचं लॅब्रम फाटलं असेल आणि चाळिशी उलटली असेल, तर शिवण्यापेक्षा बायसेप्सची, म्हणजे दंडाच्या स्नायूची, शीर (टेंडन) खाली हाडावर बसवून घेणं अनेकदा बरं. या वयात शिवल्यावर खांदा बऱ्याचदा आखडतो.

आणि कळकळीने सांगतो, शस्त्रक्रियेनंतर दुखणं थांबलं म्हणून हात गळ्यात अडकवायचा पट्टा काढू नका. दुखणं लवकर जातं, लॅब्रम हाडाला धरायला कित्येक आठवडे लागतात. मैदानावर साधारण 6 महिन्यांनी, तेही ताकद तपासून घेतल्यावर.